वर्गणी भरलेली आहे तरी जर्नलचा पेपर उघडत नाही: काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगते, तुमचं यातलं कुठलं ते बघा, कारण सुरुवात कुठून करायची ते त्यावरच ठरतं.

- सारांश दिसतो, पण पीडीएफवर क्लिक केलं की "हा लेख विकत घ्या" असं पान येतं
- लायब्ररीत बसून उघडतो, घरी गेलं की नाही
- एकाच खोलीत एकाच वायफायवर लॅपटॉपला उघडतो आणि फोनला नाही
- लॉगिन झालंय, कोपऱ्यात तुमचं नावसुद्धा दिसतंय, तरी पैसे मागतंय
- लॉगिनचं पान परत परत तेच येतंय, आत सोडतच नाही
- त्याच जर्नलचे जुने अंक उघडतात नवे नाही, किंवा बरोबर उलटं
- कालपर्यंत सगळ्यांना मिळत होतं, आज कुणालाच मिळत नाहीये

शेवटचं असेल तर तुमच्या मशीनवर काही करत बसू नका, लगेच लायब्ररीला कळवा. बाकीच्यांसाठी पुढचं वाचा.

मी लायब्ररीत ई-रिसोर्सेसचं काम बघते, म्हणजे जर्नलांच्या वर्गण्या, लिंका, लॉगिन आणि "पेपर उघडत नाहीये" असे मेल. हे मेल वर्षानुवर्षं येतायत आणि बहुतेक वेळा जर्नल घेतलेलंच असतं, पैसे भरलेले असतात, अडतं ते मधेच कुठेतरी. प्रकाशकाच्या सर्व्हरला तुमच्याबद्दल दोनच गोष्टी हव्या असतात: हा माणूस कुठल्या संस्थेतून आलाय, आणि त्या संस्थेने हे जर्नल या सालासाठी घेतलंय का. दोन्हीचं उत्तर हो आलं तर पीडीएफ. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तरच मिळालं नाही तरी पैशाचं पान येतं आणि दुसऱ्याचं उत्तर नाही आलं तरी तेच पान येतं, सगळा घोळ इथे होतो. वाचणाऱ्याला वाटतं लायब्ररीने जर्नल बंद केलं, आणि खरं तर सर्व्हरने त्याला ओळखलेलंच नसतं.

म्हणून सगळ्यात आधी एक सांगते, खिशातून पैसे भरू नका. एका पीएचडीच्या मुलीने रात्री उशिरा, सबमिशन तोंडावर आलेलं म्हणून, स्वतःच्या कार्डावरून तीन पेपर विकत घेतले, आणि ते तिन्ही आमच्याकडे होते. फोनवर व्हीपीएन (इंटरनेटवर दिसणारा तुमचा पत्ता बदलणारं ॲप) चालू राहिलं होतं, बास, एवढंच कारण. ते पैसे तिला परत मिळाले नाहीत आणि मला ते अजून लागून राहिलंय, हे सगळं लिहून काढायचं कारणही तेच.

१. पेपरपर्यंत कुठल्या लिंकने आलात?

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. सर्च इंजिनमधून, कुणी चॅटवर पाठवलेल्या लिंकवरून किंवा पेपरच्या संदर्भयादीतल्या डीओआयवरून (पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकाच्या लिंकवरून) आला असाल तर मागे फिरा आणि लायब्ररीच्या वेबसाइटवरून, तिथल्या जर्नल लिस्टमधून किंवा सर्चमधून तोच पेपर परत शोधा.

याने फरक पडतो तो असा. लायब्ररीच्या साइटवरच्या लिंकांना पुढे प्रॉक्सीचा, म्हणजे लायब्ररीच्या मधल्या सर्व्हरचा, एक तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे तुम्ही बाहेरून आलात तरी आधी लॉगिन विचारलं जातं आणि मग लायब्ररीच्या नावाने प्रकाशकाकडे पाठवलं जातं. सर्चमधून मिळालेल्या लिंकला हा तुकडा नसतो. दुसरी गोष्ट डीओआयची, डीओआय तुम्हाला सहसा प्रकाशकाच्या पानावरच नेतो, पण लायब्ररीकडे तेच जर्नल एखाद्या एकत्रित डेटाबेसमधून आलेलं असू शकतं, पेपर तोच पण दार वेगळं. ही अडचण इतकी जुनी आहे की त्यासाठीच लिंक रिझॉल्व्हर नावाची गोष्ट आली आणि लिंकमधूनच पेपरची माहिती पाठवायचं ओपनयूआरएल हे स्टँडर्ड ठरलं. लायब्ररीच्या सर्चमध्ये "फुल टेक्स्ट शोधा" असं बटण दिसतं ना, ते हेच करतं, तुमच्या संस्थेकडे पेपर कुठल्या दाराने आहे ते बघून तिथे नेतं.

गूगल स्कॉलर वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये लायब्ररी लिंक्स म्हणून भाग आहे, तिथे पाचपर्यंत लायब्रऱ्या जोडता येतात. एकदा करून ठेवा, मग निकालाच्या शेजारीच आपल्या लायब्ररीची लिंक येते.

बुकमार्कचंही तेच. लॉगिनच्या पानाचा बुकमार्क ठेवू नका, त्या पत्त्यात त्या वेळेच्या सेशनची माहिती असते आणि दुसऱ्या दिवशी तो चालत नाही.

२. पानावर संस्थेचं नाव दिसतंय का?

माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी हीच आणि नेमकी हीच कुणी करत नाही. प्रकाशकाच्या पानाच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत "ॲक्सेस प्रोव्हायडेड बाय" असं काहीतरी लिहून पुढे संस्थेचं नाव येतं, कधी लोगो येतो. सगळ्यांकडे नसतं पण मोठ्या प्रकाशकांकडे बहुधा असतं.

नाव दिसत नसेल तर सर्व्हरने तुम्हाला ओळखलं नाही, मग खालच्या तिसऱ्यापासून पाचव्या तपासणीपर्यंत जा. नाव दिसतंय आणि तरी पैसे मागतंय तर ओळख पटलीय, प्रश्न दुसरा आहे, हे जर्नल किंवा हे साल आपल्याकडे नोंदलेलं नाही, सरळ सहाव्यावर जा. आणि नाव दुसऱ्याच कुठल्या संस्थेचं दिसत असेल तर तुम्ही आधी कधी तिकडे होता किंवा कुणाचं मशीन वापरताय, चौथी तपासणी तुमची.

मला मेल करताना कुणी हे एवढं जरी सांगितलं तरी माझा निम्मा शोध संपतो.

३. व्हीपीएन, फोनचा डेटा आणि पत्ता लपवणाऱ्या सोयी

कॅम्पसवरून लॉगिनशिवाय जर्नल उघडतं ते आयपी ॲड्रेसमुळे, म्हणजे इंटरनेटवर तुमचा जो आकडी पत्ता दिसतो त्यामुळे. लायब्ररीने प्रकाशकाला संस्थेच्या आयपींची यादी दिलेली असते, त्या यादीतल्या पत्त्यावरून मागणी आली की आत सोडतात. कोण माणूस आहे हे तिथे कुणी बघत नाही, फक्त कुठून आला ते बघतात. म्हणून तुमचा पत्ता बदलेल असं मधे काहीही असलं की ओळख जाते.

खाजगी व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करा. संस्थेचं स्वतःचं व्हीपीएन असेल तर ते वेगळं, ते चालू पाहिजे, पण त्यातसुद्धा एक मेख आहे, काही ठिकाणी ते फक्त ऑफिसच्या अंतर्गत साइटसाठीच वापरलं जातं आणि बाकी सगळं ट्रॅफिक तुमच्या घरच्या लाइनवरूनच जातं, म्हणजे व्हीपीएन जोडलेलं दिसतं पण प्रकाशकाला तुमच्या घरचाच पत्ता दिसतो. हे तुमच्याकडून दुरुस्त होणार नाही, आयटीवाल्यांना विचारा. ॲपलच्या फोनवर आणि मॅकवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले असतं, २०२१ पासून आलंय, ते चालू असेल तर सफारीमधून तुमचा खरा पत्ता दिसत नाही. एकाच खोलीत लॅपटॉपला उघडतं आणि फोनला नाही त्यात हे कारण मला परत परत सापडलंय. दुसरं कारण त्याहून साधं, फोन वायफाय सोडून गुपचूप मोबाइल डेटावर गेलेला असतो.

४. ब्राउझर

एक खाजगी विंडो उघडा आणि लायब्ररीच्या साइटपासून सुरुवात करून परत या. तिथे उघडलं तर दोष साठलेल्या कुकीजमध्ये आहे, त्या प्रकाशकाच्या साइटच्या आणि लायब्ररीच्या लॉगिनच्या कुकीज पुसा, सगळा ब्राउझर पुसायची गरज नाही. लॉगिनचं पान गोल फिरत राहतं त्यात बहुतेक वेळा हेच असतं, किंवा मग एखादं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन मधलं पान अडवतं.

संस्था निवडण्याचं बटण वापरत असाल तर ब्राउझर तुमची मागची निवड लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी तीच दाखवतो. चुकून सारख्या नावाची दुसरी संस्था निवडली असेल तर प्रत्येक वेळी तीच चूक होत राहते, म्हणून ती निवड काढून टाका आणि परत नीट शोधून निवडा.

५. लॉगिन कुठलं केलंय?

प्रकाशकाच्या साइटवर तुम्ही स्वतःचं खातं उघडलेलं असतं, पेपर पाठवायला किंवा नव्या अंकाची सूचना यायला. ते खातं आणि लायब्ररीची वर्गणी यांचा आपोआप संबंध नसतो. कोपऱ्यात तुमचं नाव दिसलं म्हणजे प्रकाशकाला तुम्ही कोण ते कळलं, तुमची संस्था कुठली ते कळलंच असं नाही. तुम्हाला हवं ते बटण "संस्थेमार्फत प्रवेश" अशा अर्थाचं असतं आणि त्याने तुम्ही संस्थेच्या स्वतःच्या लॉगिन पानावर गेलं पाहिजे.

इथे जरा थांबून ॲड्रेस बार वाचा, पासवर्ड टाकायच्या आधी. लायब्ररीच्या लॉगिनची नक्कल करणारी पानं खरोखर बनवली जातात, २०१८ साली अमेरिकेच्या न्याय विभागाने नऊ इराणी लोकांवर आरोप ठेवले त्यात जगभरातल्या शेकडो विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना अशाच फसव्या मेलमधून गाठल्याचं म्हटलं होतं. "तुमचं लायब्ररी खातं बंद होणार आहे" असा मेल आला आणि त्यातली लिंक ओळखीची वाटत नसेल तर पुढे जाऊ नका, आणि पासवर्ड टाकून झाला असेल तर संकोच न करता लगेच कळवा, आम्ही कुणाला रागवत नाही, उशीर झाला की मात्र नुकसान सगळ्यांचं होतं.

आणि सदस्यत्व संपलेलं असणं हे एक कारण आहे. कोर्स संपला, करार संपला, नाव यादीतून गेलं. परवान्यात "अधिकृत वापरकर्ते" कोण ते लिहिलेलं असतं आणि माजी विद्यार्थी बऱ्याचदा त्यात बसत नाहीत, पण कित्येक करारात लायब्ररीत प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्याला वाचायची मुभा असते, ते विचारून बघा.

६. आपल्याकडे नेमकं कुठपासून कुठपर्यंत आहे?

संस्थेचं नाव दिसतंय पण पेपर बंद आहे, अशांसाठी हे. लायब्ररीच्या जर्नल लिस्टमध्ये जर्नलच्या नावाखाली सालं दिलेली असतात ती वाचा. "१९९७ पासून" किंवा "२०१० ते २०१८" किंवा "शेवटचे १२ महिने सोडून" अशी. एकत्रित डेटाबेसमधून जर्नल घेतलेलं असलं की प्रकाशक बऱ्याचदा ताजे अंक काही महिने रोखून धरतो, याला एम्बार्गो म्हणतात. जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहातही तसंच, तिथे जुना संग्रह असतो आणि अलीकडची काही वर्षं एका सरकत्या भिंतीपलीकडे असतात, दर वर्षी भिंत एक वर्ष पुढे जाते. जुने उघडतात नवे नाहीत, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं आणि यात बिघाड काहीच नाही.

नवे उघडतात जुने नाहीत, तर बहुधा जुना संग्रह वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो घेतलेला नाही. किंवा जर्नलचं नाव मधेच बदललंय. नाव मोठ्या प्रमाणात बदललं की आयएसएसएन नवा मिळतो, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने ते वेगळंच जर्नल होतं, त्यामुळे जुन्या नावानेही शोधून बघा.

इथे वाचकाने थांबायचं

एवढं करून उघडलं नाही तर पुढे स्वतः काही करू नका. मित्राचं लॉगिन वापरू नका, ते त्याच्याच अंगाशी येतं, आणि एकदम भरपूर पेपर उतरवणारी प्रोग्रॅमची युक्ती तर अजिबात नको, का ते खाली येईल. लायब्ररीला मेल करा आणि त्यात एवढं द्या: पेपरचा डीओआय, ज्या पानावर अडलं त्याचा पूर्ण पत्ता कॉपी करून, कॅम्पसवर होता की बाहेर, संस्थेचं नाव दिसत होतं का, स्क्रीनचा फोटो, आणि तारीख वेळ. वेळ लिहाच, आम्हाला प्रॉक्सीच्या नोंदीत तुमची ती एक ओळ शोधायची असते. पासवर्ड मात्र कधीही पाठवू नका, आम्हाला तो लागत नाही.

तोपर्यंत काम अडायला नको म्हणून, अनपेवॉल नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आहे, पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठल्या रिपॉझिटरीत, म्हणजे खुल्या संग्रहात, असेल तर ते दाखवतं. पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, सरळ लिहा, लेखक आनंदाने पाठवतात असा माझा अनुभव आहे. आणि दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देणं, इंटरलायब्ररी लोन, हे आमचं कामच आहे, मागायला लाजू नका.

आता लायब्ररीतल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी

तक्रार हातात आली की आधी ती स्वतः घडवून बघा, तीन रस्त्यांनी: कॅम्पसच्या नेटवर्कवरून सरळ, बाहेरून प्रॉक्सीतून, आणि बाहेरून संस्थेच्या लॉगिनने म्हणजे शिबोलेथ किंवा ओपनॲथेन्स जे असेल त्याने. तिन्ही बंद तर प्रश्न वर्गणीचा किंवा प्रकाशकाकडच्या नोंदीचा. फक्त प्रॉक्सी बंद तर प्रॉक्सीचा. फक्त लॉगिनवाला बंद तर फेडरेशनचा, म्हणजे संस्थेचं लॉगिन प्रकाशक मानतात त्या व्यवस्थेचा. कॅम्पसवरून बंद आणि लॉगिनने चालू, तर आयपी यादीचा. ही दहा मिनिटं न देता थेट प्रकाशकाला मेल टाकला की ते उलटे हेच प्रश्न विचारतात आणि दोन-तीन दिवस नुसते मेल होतात.

७. नॉलेज बेसमधली नोंद

यात खर्च काही नाही, फक्त नजर पाहिजे. लिंक रिझॉल्व्हर जी यादी वाचतो त्यात जर्नल कुठल्या पॅकेजमध्ये टिक केलंय, सालं कुठली, एम्बार्गो काय. प्रकाशक ही माहिती केबार्ट नावाच्या ठरलेल्या साच्यात देतात, २०१० पासून तो साचा आहे, आणि त्यातल्या एम्बार्गोच्या खुणा उलटसुलट वाचल्या जातात म्हणून सांगते, "पी१वाय" म्हणजे शेवटचं एक वर्ष सोडून आधीचं सगळं, आणि "आर१वाय" म्हणजे फक्त शेवटचं एक वर्ष. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात, नोंदीत एकच असेल आणि लिंक दुसरा घेऊन आली तर जुळत नाही.

जानेवारीत तक्रारी वाढल्या तर पहिला संशय जर्नलांच्या स्थलांतरावर घ्या. जर्नलं एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातात, बहुधा वर्षाच्या सुरुवातीला, आणि त्यासाठी ट्रान्सफर नावाची आचारसंहिता आहे, तिच्या सूचना मेलने येतात त्या कुणीतरी एकाने वाचल्या पाहिजेत. आमच्याकडे एक जर्नल असंच गेलं, वर्गणी नव्या ठिकाणी भरली होती, पण नव्या प्रकाशकाला आमचे आयपी कुणी दिलेच नव्हते आणि आमची लिंक जुन्याच घरी जात होती, फेब्रुवारी संपेपर्यंत ते वाचणाऱ्या विभागातल्या लोकांना वाटत होतं की आम्ही ते बंद केलं. कुणी तक्रारसुद्धा केली नाही, गृहीत धरलं.

८. प्रॉक्सी

ईझीप्रॉक्सी हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर, आणि खूप जण वापरतात, प्रत्येक प्रकाशकासाठी कॉन्फिग फाइलमध्ये चार-पाच ओळींचा एक तुकडा असतो, त्यात कुठले होस्ट आणि डोमेन प्रॉक्सीतून न्यायचे ते लिहिलेलं असतं. प्रकाशक साइट नव्या पत्त्यावर नेतो, किंवा पीडीएफ वेगळ्या सबडोमेनवर ठेवतो, आणि आपल्या फाइलमध्ये तो पत्ता नसतो. मग दोनपैकी एक होतं. सुरुवातीची लिंकच नवी असेल तर "तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने हा होस्ट आधी मंजूर केला पाहिजे" असं सरळ पान येतं, हे बरं, कारण कळतं. पण वाचक मधल्या एखाद्या क्लिकला यादीबाहेरच्या पत्त्यावर गेला तर काहीच संदेश येत नाही, तो नुसता प्रॉक्सीच्या बाहेर पडतो आणि पुढच्या पानाला पैशाची मागणी. हे पकडायचं असेल तर ॲड्रेस बार बघत बघत क्लिक करा, पत्त्यातल्या साइटच्या नावाच्या शेवटी असलेलं आपल्या प्रॉक्सीचं नाव कुठल्या क्लिकला गायब झालं, तिथेच दोष.

बदल केल्यावर प्रॉक्सी रिस्टार्ट करा, त्याशिवाय नवी फाइल वाचली जात नाही. आणि बदलायच्या आधी जुन्या फाइलची प्रत ठेवा, एका चुकलेल्या ओळीने सगळ्या प्रकाशकांचा ॲक्सेस अडकू शकतो.

सर्टिफिकेटची तारीखही इथेच बघा. प्रॉक्सीला वाइल्डकार्ड सर्टिफिकेट लागतं, म्हणजे तिच्या डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं, ते संपलं की सगळ्यांना एकदम ब्राउझरची लाल सूचना दिसते. आतापर्यंत वर्षातून एकदा आठवण ठेवली की चालायचं, पण आता मुदती कमी होत चालल्यात, मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार असं ठरलंय, त्यामुळे हाताने बदलणं झेपणार नाही, आयटीला आत्ताच सांगून ते आपोआप होईल अशी सोय करून घ्या.

९. आयपी यादी

एका सकाळी सगळ्या कॅम्पसचा ॲक्सेस गेला, एका प्रकाशकाचा नाही, सगळ्यांचा. दोन तास मी प्रकाशकांना मेल लिहीत बसले. आदल्या रात्री नेटवर्कवाल्यांनी इंटरनेटची लाइन बदलली होती, नवा पुरवठादार, नवे पत्ते, आणि लायब्ररीला सांगायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांची चूक म्हणून नाही सांगत, आम्हीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं की कित्येक प्रकाशक आयपीच्या या चार आकड्यांवरून आपल्याला ओळखतात. तेव्हापासून नेटवर्कच्या प्रत्येक बदलाच्या आधी लायब्ररीला कळवायचं हे त्यांच्या चेकलिस्टमध्ये लिहून घेतलंय.

प्रकाशकाला पत्ता द्यायचा तो बाहेरचा, पब्लिक. मशीनवर दिसणारे १०. ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते आतल्या नेटवर्कचे असतात, ते कुठल्याही संस्थेत असू शकतात, ते देऊन उपयोग नाही. तरी ते यादीत दिलेले मी पाहिलेत. प्रॉक्सी सर्व्हरचा स्वतःचा पत्ता यादीत आहे ना ते वेगळं तपासा, तो कॅम्पसच्या रेंजमध्ये असेलच असं नाही, क्लाउडवर असेल तर नसतोच. आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सुरू केलं असेल तर सावध राहा, प्रकाशकाची साइट आयपीव्ही६ वर असेल तर काही मशीन त्या पत्त्याने जातात, यादीत मात्र फक्त जुने आकडे, मग शेजारशेजारच्या दोन पीसींपैकी एकावर चालतं आणि एकावर नाही, आणि कुणाला काही उलगडत नाही.

१०. फेडरेशनचं लॉगिन, आणि इथे आयटीला बोलवा

आपण तपासायच्या गोष्टी दोनच. एकाच प्रकाशकाला अडतंय की सगळ्यांना, आणि सगळ्या वाचकांना की ठराविक गटाला. सगळ्या प्रकाशकांना अडत असेल तर संस्थेच्या लॉगिन सर्व्हरचं सही करायचं सर्टिफिकेट बदललं का आणि सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का असं आयटीला विचारा. घड्याळाचं ऐकून लोक दचकतात पण लॉगिनच्या निरोपाला मुदत असते आणि शिबोलेथमध्ये मुळात ३ मिनिटांचीच सूट असते, घड्याळ त्याहून पुढेमागे गेलं की निरोप शिळा ठरतो. ठराविक गटालाच अडत असेल, म्हणजे समजा पाहुणे संशोधक, तर सर्व्हर त्यांच्याबद्दल "हा सदस्य आहे" ही माहिती पुढे पाठवत नाही असं समजा. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती आपली नाही. लॉगिन सर्व्हरच्या सेटिंगला लायब्ररीने हात लावू नये, त्याने ईमेलपासून परीक्षेच्या पोर्टलपर्यंत सगळं बंद पडू शकतं.

११. प्रकाशकाने अडवलंय

एकच प्रकाशक, प्रॉक्सीतून येणारे सगळे बंद, आणि पान पैशाचं नाही तर "असामान्य डाउनलोड" किंवा नुसतं ४०३ ("परवानगी नाही" असा एरर). म्हणजे कुणीतरी थोड्या वेळात खूप पेपर उतरवले आणि प्रकाशकाच्या यंत्रणेने तो पत्ताच बंद केला. प्रॉक्सीचा पत्ता एक असतो, त्यामागे हजारो वाचक, एकामुळे सगळे बाहेर. कधी चोरीला गेलेलं लॉगिन असतं, कधी आपलाच विद्यार्थी असतो ज्याला टेक्स्ट मायनिंग (प्रोग्रॅमने भरपूर पेपरमधून माहिती काढणं) करायचंय आणि त्यासाठी बऱ्याच प्रकाशकांकडे रीतसर सोय असते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

इथे प्रॉक्सीचा पत्ता बदलून पुढे जायचा मोह होतो, ते करू नका, करार मोडल्यासारखं होतं. प्रकाशकाकडून वेळ आणि सेशनची माहिती मागा, प्रॉक्सीच्या नोंदीत ते खातं शोधा, ते थांबवा, पासवर्ड बदलून घ्या, काय केलं ते प्रकाशकाला लिहा, मग ते उघडतात. वाचकाचं नाव प्रकाशकाला द्यायची गरज नसते, ते संस्थेतच ठेवा. खातं चोरीला गेल्याचं दिसलं तर ते एकट्याने मिटवू नका, संस्थेच्या सुरक्षा टीमकडे द्या, कारण चोराने फक्त जर्नलंच वाचली असतील असं धरून चालता येत नाही.

१२. पैसे आणि कागद

वरचं सगळं नीट असेल तर शेवटी फाइल काढा. नूतनीकरणाचं बिल भरलंय पण एजंटकडून प्रकाशकाला पोचलं नाही, किंवा पोचलं आणि चुकीच्या ग्राहक क्रमांकाला लागलं. प्रकाशक बहुधा थोडे आठवडे सवलतीचे देतात आणि मग बंद करतात, म्हणून बंद पडण्याची तारीख आणि बिलाची तारीख यांचा मेळ लागत नाही. प्रकाशकाला ग्राहक क्रमांक, ऑर्डर आणि भरणा केल्याचा पुरावा एकाच मेलमध्ये पाठवा आणि तात्पुरता ॲक्सेस मागा, मागितला तर बहुतेक वेळा देतात. बंद केलेल्या जर्नलचे आधी पैसे भरलेले अंक मागत असाल तर करारात कायमच्या हक्काचं कलम आहे का ते आधी वाचा. कलमाच्या अर्थावरून वाद झाला तर तिथे आपण थांबायचं, तो विषय खरेदी विभागाचा आणि संस्थेच्या कायदा सल्लागाराचा.

एक सवय मात्र लावून घ्या. काउंटर या ठरलेल्या पद्धतीने प्रकाशक वापराची जी आकडेवारी देतात तीत नाकारलेल्या प्रवेशांचा अहवाल असतो, त्यात "परवाना नाही" म्हणून किती जण परत गेले ते जर्नलवार दिसतं. दर तिमाहीला तो काढून त्यात आपण पैसे भरलेलं जर्नल दिसतंय का ते बघायचं. आमचं ते फेब्रुवारीपर्यंत बंद राहिलेलं जर्नल मला शेवटी त्याच अहवालात सापडलं, तेव्हा प्रकाशकाला आयपी दिले, लिंक बदलली आणि त्या विभागात जाऊन प्रत्येकाच्या मशीनवर ते उघडून दाखवलं.